पॉलिसी, कार्ड आणि घाटीची रांग

२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी रद्द झाला. त्या आठवड्यात आमच्या स्टाफरूममध्ये दुसरा विषयच नव्हता. एक सर म्हणाले, आता तरी सगळ्यांनी पॉलिसी काढून टाका. दुसरे म्हणाले, बीमा नाजायज आहे, त्याच्या फंदात पडू नका. एक बाई म्हणाल्या, सरकारचं पाच लाखांचं कार्ड आहे ना, मग पैसे कशाला घालवायचे? आपल्या समाजात दवाखान्याच्या खर्चावर जे काही बोललं जातं, ते जवळपास सगळं या तीन वाक्यांत आलं.

चौथी गोष्ट कुणी बोललं नाही. आजारी माणसाचा इलाज त्याच्या खिशाशी न जोडता, सगळ्यांच्या करातून, एकाच तिजोरीतून व्हावा, ही ती गोष्ट. ब्रिटनने ५ जुलै १९४८ पासून ती अमलात आणली. कॅनडात सस्कॅचेवान प्रांताने १९६२ मध्ये सुरुवात केली आणि मग सगळा देश त्या वाटेवर आला. अमेरिकेत ‘सरकारनेच सगळ्यांचं बिल भरावं की खासगी विमा बरा’ यावर प्रत्येक निवडणुकीत रणकंदन होतं. आपल्याकडेही हा विचार परका नाही. नाशिकला जन्मलेल्या सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ मध्येच सरकारला सांगितलं होतं, की पैसे नाहीत म्हणून कुणी इलाजावाचून राहू नये. त्या अहवालाला आता ऐंशी वर्षं होत आली.

मी उर्दू आणि मराठी शिकवते, त्यामुळे माझं लक्ष आधी शब्दांकडे जातं. मराठीतला ‘विमा’ म्हणजे आपल्या उर्दूतला ‘बीमा’. फारसीत ‘बीम’ म्हणजे भीती, आणि या शब्दाचं मूळ तिथं दाखवतात. त्याच्या शेजारी उर्दूत दुसरा एक शब्द आहे, किफालत. यतीम मुलाची किफालत, बेवा बहिणीची किफालत, असं आपण रोज बोलतो. एखाद्याची जबाबदारी अंगावर घेणं, असा त्याचा अर्थ. तकाफुल हा शब्दही त्याच धातूचा, एकमेकांची जबाबदारी घेणं. आपल्याला नेमकं काय हवं आहे, भीतीपोटी केलेला सौदा की एकमेकांची जबाबदारी, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. गेल्या वर्षी तो आमच्याच घरात आला.

माझा धाकटा भाऊ वाळूजच्या एका कारखान्यात आहे. अम्मी त्याच्याकडे राहते. वय त्रेसष्ट, पंधरा वर्षांपासून शुगर, आता बीपीही. भावाचा पगार २०,००० होता तोवर तो ईएसआयमध्ये होता. पगारातून ०.७५ टक्के त्याचे कापले जायचे, म्हणजे महिन्याला १५० रुपये, ३.२५ टक्के, म्हणजे ६५० रुपये, कंपनी भरायची. या ८०० रुपयांत तो, त्याची बायको, दोन मुलं आणि त्याच्यावर अवलंबून असलेली अम्मी, सगळ्यांचा इलाज. अम्मीला शुगर कधीपासून आहे, असं कुणी विचारलं नाही. तिचं वय वाढलं म्हणून हप्ता वाढला नाही. ईएसआयच्या दवाखान्यात गोळ्याही मिळायच्या. रांग असायची, कधी गोळी ‘पुढच्या आठवड्यात या’ म्हणून टळायची, हे खरं. तरी डोक्यावर छप्पर होतं.

मग पगार २१,८०० झाला. घरात शीर आला, मोहल्ल्यात वाटला. पण ईएसआयची पगाराची मर्यादा २१,००० आहे आणि ती २०१७ पासून तशीच आहे. सहामाहीची मुदत संपली की नाव योजनेबाहेर जातं, आणि काही महिन्यांनी इलाजाचा हक्कही. म्हणजे १,८०० रुपयांची पगारवाढ मिळाली आणि पाच माणसांचं छप्पर गेलं. माझी शाळा विनाअनुदानित, त्यामुळे अनुदानित शाळेतल्या शिक्षकांना मिळणारी वैद्यकीय खर्चाची प्रतिपूर्ती मला नाही. अम्मीसाठी मग आम्ही बहीण-भाऊ खासगी विम्याच्या दारात गेलो.

तिथलं गणित उलटं चालतं. २०२४ पासून वयाच्या कारणावरून कंपन्यांना ६५ वर्षांनंतर दार बंद करता येत नाही, ही विमा नियामकाने केलेली चांगली सोय. पण आधीपासूनचा आजार असेल, तर त्याच्याशी निगडित खर्चासाठी तीन वर्षांपर्यंत थांबायला लावता येतं. अम्मीच्या एकटीच्या प्रीमियमचा जो आकडा आम्हाला सांगितला, तो भावाच्या एका महिन्याच्या पगाराहून मोठा होता. ईएसआय पगार बघून पैसे घेतं आणि गरज बघून इलाज देतं. खासगी विमा गरज बघून पैसे घेतो. ज्याला आजार होण्याची शक्यता जास्त, त्याला तो महाग. कंपनीचा यात दुष्टपणा आहे असं मी म्हणत नाही. धंदा म्हटला की जोखमीची किंमत लावावीच लागते.

पॉलिसी काढणाऱ्यांनी एक गणित जरूर समजून घ्यावं. आमच्या एका शिक्षिकेला ते डिस्चार्जच्या दिवशी समजलं. तिची पॉलिसी तीन लाखांची, आणि खोलीभाड्याची मर्यादा एक टक्का, म्हणजे रोजचे ३,०००. दवाखान्यात स्वस्त खोली शिल्लक नव्हती, म्हणून ५,००० ची घेतली. तिला वाटलं, वरचे रोजचे २,००० आपण भरू. पण अशी अट असलेल्या पॉलिसीत खोलीच्या प्रमाणात बाकीचा खर्चही कापला जातो. ३,००० भागिले ५,००० म्हणजे ६० टक्के. औषधं, तपासण्या आणि शरीरात बसवायची उपकरणं सोडून डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग यांचे ८०,००० झाले असतील, तर कंपनी ४८,००० देणार आणि उरलेले ३२,००० आपल्या खिशातून. हे पॉलिसीच्या कागदात लिहिलेलं असतं, बारीक अक्षरात, इंग्रजीत. आमची ही शिक्षिका एमए बीएड आहे. जे शिकलेले नाहीत, त्यांनी काय करायचं?

आता कार्डाकडे येऊ. २ जुलै २०१२ रोजी राज्यातल्या आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली आणि २०१३ च्या नोव्हेंबरात ती सगळ्या महाराष्ट्रात आली. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं. केंद्राची आयुष्मान भारत योजना २०१८ ची, आणि राज्यात या दोन्ही पुढे एकत्र राबवल्या गेल्या. २०२४ पासून शिधापत्रिका कुठल्याही रंगाची असो, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. सत्तरी ओलांडलेल्यांसाठी ऑक्टोबर २०२४ पासून वेगळं आयुष्मान कार्डही आहे. या योजनेने आमच्या गल्लीत माणसं वाचवली आहेत. शेजारच्या खालांचं डायलिसिस वर्षभर या कार्डावर चाललं. बायपास, अँजिओप्लास्टी, कॅन्सरचे उपचार, जे ऐकूनच गरिबाचे हातपाय गळायचे, ते आता होतात. त्यामुळे या योजनेला नावं ठेवणाऱ्यांत मी नाही.

पण ती काय आहे, हे नीट बघायला हवं. बहुतेक लोकांना वाटतं, सरकार इलाज मोफत करतं. योजना सुरू झाली ती विमा म्हणून. प्रीमियम सरकार भरणार, मधे विमा कंपनी, आणि इलाज यादीतल्या सरकारी किंवा खासगी दवाखान्यात. २०२४ मध्ये यादीत १,३५६ उपचार होते, बहुतेक भरती होऊन करायचे. भरती न होता होणारा खर्च तिथं बसत नाही. अम्मीची शुगरची गोळी, बीपीची गोळी, दर तीन महिन्यांची तपासणी यातलं काहीच त्या यादीत नाही. पाय कापायची वेळ आली तर कार्ड आहे. पाय कापायला लागू नये म्हणून रोज जी गोळी घ्यायची, तिच्यासाठी कार्ड नाही. त्यात काही खासगी दवाखान्यांत कार्ड दाखवल्यावर ‘आज योजनेचा बेड शिल्लक नाही’ असं ऐकावं लागतं. खालांच्या मुलाने ते ऐकलं आहे. काउंटरवर आरोग्यमित्र बसलेला असतो, पण रात्री अकरा वाजता त्याला कुठं शोधायचं?

राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०१४-१५ मध्ये देशात आरोग्यावर खर्च होणाऱ्या दर १०० रुपयांतले जवळपास ६३ रुपये कुटुंबांच्या खिशातून जात. २०२१-२२ मध्ये हा आकडा ३९ वर आला. सुधारणा मोठी आहे. पण सरकारचा खर्च त्या वर्षी जीडीपीच्या १.८४ टक्के होता, आणि २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत तो अडीच टक्क्यांवर नेण्याचं ठरवलं होतं.

पैसे कुणी भरायचे हा या वादाचा अर्धा भाग झाला. इलाज कुठं होणार, हा उरलेला अर्धा. आमच्या शहरात त्याचं उत्तर आहे घाटी. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ मध्ये सुरू झालं, आणि आज जालना, बीड, परभणी, हिंगोली, बुलढाण्यापासून लोक तिथं येतात. किराडपुरा, शहागंज, रोशन गेट भागातल्या आमच्या पिढीतल्या कितीतरी जणांचा जन्म घाटीतला. त्या काळी कारकून, मास्तर, दुकानदार सगळे घाटीत जायचे. वॉर्डात पंखा बंद असला तर मास्तर अधीक्षकांना अर्ज लिहायचा, दुकानदार नगरसेवकाला फोन करायचा. हळूहळू हातात मेडिक्लेम आलं आणि बोलणारा वर्ग खासगीकडे गेला. रांग तेवढीच राहिली, उलट वाढली, पण रांगेत अर्ज लिहिणारं कुणी उरलं नाही.

हे समजायला आपल्या शहरात लांब जायला नको. नळाला कित्येक दिवसांनी पाणी येतं. ज्याला परवडतं तो टँकर मागवतो, जार आणतो. टँकर आला की त्या घराची नळाबद्दलची तक्रार थांबते. मग नळाचं भांडण फक्त त्यांच्याकडे उरतं, ज्यांचं कुणी ऐकत नाही. याच शहराला मलिक अंबरच्या नहरीने चारशे वर्षांपूर्वी पाणी पाजलं होतं. खासगी विमा हा आरोग्याचा टँकर आहे. तहान लागली तर मागवावाच लागतो, त्यात लाज नाही. पण टँकरने शहराची पाइपलाइन होत नाही.

आणि कार्ड किती मोठं केलं तरी त्याने वॉर्डात नर्स येत नाही. सप्टेंबर २०२३ च्या अखेरीस नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले, त्यात १२ नवजात बाळं होती. राज्यभर चर्चा झाली ती औषधांच्या तुटवड्याची आणि रिकाम्या पदांची. त्या बाळांपैकी कुणाकडे कार्ड नव्हतं, अशी तक्रार कुणी केली नाही. त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून सगळं मोफत झालं. पण वैद्यकीय शिक्षण खात्याची रुग्णालये त्या निर्णयात नव्हती. म्हणून चिकलठाण्याचं जिल्हा रुग्णालय, ज्याला आपण मिनी घाटी म्हणतो, ते त्यात आलं आणि मोठी घाटी राहिली. पेशंटला खातं कळत नाही, त्याला पोट दुखतंय एवढंच कळतं.

आता ‘बीमा नाजायज’ म्हणणाऱ्या सरांच्या मुद्द्याकडे. मी आलिमा नाही, मसला सांगण्याचा माझा अधिकार नाही. पण वाचता येतं तेवढं वाचलं. जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने डिसेंबर १९८५ मध्ये ठराव केला, की ठरलेला हप्ता घेणारा व्यापारी विमा त्यातल्या मोठ्या अनिश्चिततेमुळे जायज नाही. त्याच ठरावात पर्यायही सांगितला, सहकारी विमा. सगळ्यांनी दान म्हणून एका ठिकाणी पैसे ठेवायचे आणि ज्याच्यावर वेळ येईल त्याने त्यातून घ्यायचे. मलेशियाने १९८४ मध्येच तकाफुलचा कायदा केला होता.

सरांच्या मुद्द्यात मला जे खटकतं ते त्याच्या पुढचं मौन. बीमा नको म्हटलं, मग अम्मीच्या इलाजाचं काय? उत्तर येतं, अल्लाह मालिक आहे, आणि जुमाच्या नमाजनंतर चादर पसरली जाते. आपल्या लोकांचा हात सढळ आहे. जकात, सदका, बैतुलमालमधून कितीतरी ऑपरेशनं झाली आहेत. पण चादरीवर जमलेले पैसे किती होतील, हे त्या दिवशी मशिदीत कोण होतं यावर ठरतं, आणि रोगी किती ओळखीचा आहे यावरही. चादर पसरणाऱ्या बापाची मान खाली असते, ती मी पाहिली आहे. सगळ्यांच्या करातून चालणारा दवाखाना यात कुणाची मान खाली जाऊ देत नाही. तिथं सौदा नाही, नफा नाही, तुमच्या आजारावर लावलेली पैज नाही. ठरावात सांगितलेल्या पर्यायाच्या तो किती जवळ आहे, हे उलेमांनी सांगावं. मला तरी तो फार जवळचा दिसतो. विम्याला ज्यांचा मनापासून विरोध आहे, त्यांचा आवाज घाटीसाठी सगळ्यात मोठा असायला हवा.

आपल्या इतिहासात याची उदाहरणं आहेत. ममलूक सुलतान कलावूनने १२८४ मध्ये कैरोत बीमारिस्तान बांधलं. ते वक्फच्या उत्पन्नावर चालायचं, आणि अमीर-गरीब, स्त्री-पुरुष सगळ्यांना खुलं होतं. त्याची हकीकत अशी सांगतात, की कलावून सुलतान होण्याआधी दमास्कसमध्ये आजारी पडला आणि तिथल्या नूरी बीमारिस्तानच्या औषधांनी बरा झाला. तेव्हा त्याने ठरवलं, आपल्या हाती सत्ता आली तर असंच एक बांधायचं. सत्ता असलेल्या माणसाला सार्वजनिक दवाखान्याच्या औषधाने गुण आला, म्हणून पुढचा दवाखाना उभा राहिला. आपले मंत्री, आमदार, अधिकारी आणि आपण शिक्षकसुद्धा घाटीच्या रांगेत उभे राहिलो, तर घाटी किती दिवस आहे तशी राहील?

यावर आक्षेप आहेत आणि ते खोटे नाहीत. ब्रिटनमध्ये इलाज मोफत आहे, पण २०२३ मध्ये एकट्या इंग्लंडमध्ये प्रतीक्षा यादी सत्तर लाखांच्या पुढे होती. कॅनडातही तज्ज्ञ डॉक्टरची वेळ महिनोन्‌महिने मिळत नाही. एकच तिजोरी असली आणि सरकारने ती आवळली, की सगळ्यांचाच श्वास अडकतो. दुसरा आक्षेप, हा श्रीमंत देशांचा खेळ आहे. थायलंडने २००२ मध्ये कायदा करून तीस बाथमध्ये इलाजाची योजना सगळ्यांसाठी करातून चालवली, तेव्हा तो काही श्रीमंत देश नव्हता. त्यांची गावोगावची सरकारी रुग्णालयं आधीपासून उभी होती, आणि योजनेचा पैसा मुख्यतः त्यांच्याकडेच गेला, ही गोष्ट आपण लक्षात घेण्यासारखी आहे. आपल्याकडेही मे २०२० मध्ये, करोनाच्या दिवसांत, राज्य सरकारने खासगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटांचे दर ठरवून दिले आणि फुले योजना सगळ्या नागरिकांना खुली केली. अंमलबजावणीत त्रुटी होत्या, पण असा आदेश काढता येतो हे सरकारने स्वतःच दाखवून दिलं.

मग आज काय करायचं? ज्याला परवडतं त्याने, आणि ज्याचं मन मानतं त्याने, पॉलिसी जरूर घ्यावी. खोलीभाड्याची अट, आधीच्या आजाराची मुदत आणि सहभागाचा हिस्सा या तीन ओळी कुणाकडून तरी समजून घ्याव्यात. क्लेम नाकारला तर पुण्यात विमा लोकपालांचं कार्यालय आहे, तिथं तक्रारीला फी लागत नाही. कार्ड काढलं नसेल तर काढावं. पण एवढं करून थांबू नये. नगरसेवक, आमदार दारात मत मागायला येतात, तेव्हा आपण गटार, रस्ता आणि कब्रस्तानच्या भिंतीबद्दल बोलतो. त्यात आणखी तीन गोष्टी घालाव्यात. ईएसआयची २१,००० ची मर्यादा का वाढत नाही? आपल्या वॉर्डातल्या महापालिकेच्या आरोग्य केंद्रात शुगर-बीपीच्या गोळ्या बारा महिने का मिळत नाहीत? घाटीत मंजूर असलेली किती पदं रिकामी आहेत? तिसरा प्रश्न माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावरही विचारता येतो. मराठीत अर्ज लिहायला अडचण असेल, तर मोहल्ल्यात माझ्यासारखे शिक्षक आहेतच.

अम्मीची पॉलिसी आम्ही शेवटी घेतली नाही. प्रीमियमचा आकडा झेपला नाही, हे खरं कारण. आता दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी शाळा सकाळची असते, म्हणून दुपारी मी तिला घेऊन घाटीच्या ओपीडीत जाते. मागच्या वेळी लिहून दिलेल्या दोन गोळ्यांपैकी एक खिडकीवर नव्हती. मी तिथंच कागद घेतला, तारीख आणि गोळीचं नाव लिहून अधीक्षकांच्या नावे अर्ज दिला आणि आवक शिक्का मारून घेतला. रांगेतल्या तिघींनी विचारलं, बाजी, आमचाही लिहून द्याल का? त्या दिवशी चार अर्ज गेले.